कॅनॉट की कॅन नॉट? मधली जागा, 'नॉट' आणि इंग्रजी मोडल क्रियापदं

तळटीप

करार, मॅन्युअल, एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धतीचे दस्तऐवज), औषधांच्या सूचना असला मजकूर इंग्रजीतून मराठीत आणणारे किंवा मराठीतून इंग्रजीत नेणारे इथे बरेच आहेत. या कामात सर्वात महागात पडते ती नकाराची चूक. स्पेलिंग चुकलं तर वाचणाऱ्याला ते दिसतं तरी. नकार चुकला तर वाक्य अगदी सुबक दिसतं आणि अर्थ उलटा झालेला असतो. म्हणून हा चर्चेचा धागा. (प्रत्येक नोंदीच्या वर ती लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

एक जोडी घ्या. 'यू मस्ट साइन' आणि 'यू हॅव टू साइन' यांचा अर्थ जवळपास एकच, सही करायलाच हवी. आता दोन्हींना नकार लावा. 'यू मस्ट नॉट साइन' म्हणजे सही करायची नाही, मनाई. 'यू डोन्ट हॅव टू साइन' म्हणजे सही नाही केली तरी चालेल. होकारात शेजारी बसणारी वाक्यं नकारात दोन टोकांना जातात.

याचं कारण असं की मोडल (मस्ट, कॅन, मे यांसारखं सहायक क्रियापद) असलेल्या वाक्यात नकार लागायला दोन जागा असतात. एक मोडलची, म्हणजे सक्ती, मुभा किंवा शक्यता. दुसरी मुख्य क्रियेची. 'मस्ट नॉट साइन'मध्ये सक्ती शाबूत आहे, फक्त ती 'सही न करण्याची' आहे. 'डोन्ट हॅव टू'मध्ये सक्तीच उडाली.

कुठलंही वाक्य अडलं की ते 'इट इज' लावून दोन प्रकारे फोडून पाहायचं. 'इट इज नॉट नेसेसरी दॅट...' की 'इट इज नेसेसरी दॅट... नॉट'? 'इट इज नॉट पॉसिबल दॅट...' की 'इट इज पॉसिबल दॅट... नॉट'? लेखकाला यातलं कोणतं म्हणायचंय हे ठरलं की मराठी वाक्य आपोआप सुचतं.

ढोबळ वाटणी अशी:
- मस्ट, शुड, ऑट टू, शॅल: 'नॉट' क्रियेला लागतो.
- कॅन, कुड, नीड: 'नॉट' मोडललाच लागतो.
- मे: दोन्हीकडे जातो. सगळी डोकेदुखी इथे आहे.
- विल: कुठेही लावा, अर्थात व्यवहारी फरक पडत नाही.

आता मधली जागा. पूर्ण रूपातला 'नॉट' मोडलला चिकटवून लिहायची रूढी इंग्रजीत फक्त एकाच शब्दाला आहे: कॅनॉट. मेनॉट, मस्टनॉट असं कुणी लिहीत नाही. 'यू कॅनॉट कम' म्हणजे तुम्हाला येता येणार नाही. 'यू कॅन नॉट कम' असं तोडून, 'नॉट'वर जोर देऊन म्हटलं तर 'नाही आलात तरी चालेल' हा अर्थ निघू शकतो. इथे 'नॉट' क्रियेकडे गेला आणि मोकळ्या जागेने तो दाखवला.

खडूफळा

वाटणी पटली. शेवटच्या मुद्द्याला मात्र एक पुस्ती जोडतो, कारण विद्यार्थी तिथेच घसरतात. मधल्या जागेवर अर्थ टांगून ठेवू नये. इंग्रजी मातृभाषा असलेले कितीतरी लोक साध्या 'शकत नाही' या अर्थीसुद्धा 'कॅन नॉट' तोडून लिहितात, विशेषतः ठासून सांगायचं असलं की. त्यामुळे तुम्ही जागा सोडून 'मुभा' सुचवलीत तरी दहापैकी नऊ वाचक 'मनाई'च वाचतील. बोलताना जोर ऐकू येतो, कागदावर येत नाही.

'न येण्याची मुभा' सांगायची असेल तर 'यू नीड नॉट कम', 'यू आर फ्री नॉट टू कम' किंवा 'यू कॅन चूज नॉट टू कम' लिहा. आणि 'येता येणार नाही' सांगायचं असेल तर नेहमी जोडून 'कॅनॉट'.

तोडून लिहिणं खरोखर आवश्यक असतं ते एकाच ठिकाणी, जिथे 'नॉट' पुढच्या शब्दाशी बांधलेला असतो: नॉट ओन्ली, नॉट जस्ट, नॉट मिअरली, नॉट सिंप्ली. 'द पंप कॅन नॉट ओन्ली लिफ्ट वॉटर बट ऑल्सो मीटर इट.' इथे 'नॉट'चं नातं 'ओन्ली'शी आहे. हे जोडून 'कॅनॉट ओन्ली' केलंत की पंपाच्या क्षमतेवरच नकार बसतो आणि 'बट ऑल्सो' अधांतरी लोंबकळतं.

रुजवात

प्रूफ तपासताना हे दुरुस्त करायची पद्धत लिहिते.

'सगळे बदला' हे बटण इथे अजिबात वापरायचं नाही. शोध खिडकीत 'कॅन', मग जागा, मग 'नॉट' टाकलंत तर 'कॅन नोटिफाय', 'कॅन नोट', 'कॅन नथिंग' हेही सापडतात, कारण रोमन लिपीत या तिन्ही शब्दांची पहिली तीन अक्षरं तीच. सरसकट बदल केला तर 'द सिस्टीम कॅन नोटिफाय द युजर'चं 'कॅनॉटिफाय' होतं. स्पेलचेकर निदान त्याखाली लाल रेघ तरी मारतो. 'कॅन नॉट ओन्ली'चं 'कॅनॉट ओन्ली' झालं तर तेही नाही, वाक्य उलटं होऊन गुपचूप बसतं.

दुसरी अडचण उलट बाजूची. दोन शब्दांमध्ये चुकून दोन जागा पडल्या असतील, टॅब असेल किंवा न तुटणारी जागा (जिथे ओळ मोडत नाही) असेल तर साधा शोध तिथे पोचतच नाही. वर्डमध्ये मधल्या जागेऐवजी कॅरेटची खूण आणि लगेच डब्ल्यू टाइप करा. मग कुठल्याही प्रकारची मोकळी जागा पकडली जाते. रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना देऊन शोधायची सोय) चालणारा एडिटर असेल तर दोन्ही टोकांना शब्दसीमेची खूण लावा, म्हणजे 'नोटिफाय' आपोआप गळतं.

मग एकेक सापडलेली जागा पाहायची. पुढे ओन्ली, जस्ट, मिअरली, सिंप्ली असेल तर हात लावायचा नाही. शक्य असेल तर वाक्यच बदलून घ्यावं: 'द पंप लिफ्ट्स वॉटर अँड ऑल्सो मीटर्स इट.' पुढच्या संपादकाने 'चूक' समजून पुन्हा जोडण्याची भीतीच राहत नाही.

'मे बी' आणि 'मेबी' हेही याच फेरीत बघून घ्या. तोडलेलं असेल तर ते मोडल आणि क्रियापद: 'द व्हॉल्व्ह मे बी ओपन', व्हॉल्व्ह उघडा असू शकतो. जोडलेलं असेल तर 'कदाचित' हे क्रियाविशेषण. वाक्यात दुसरं क्रियापद नसेल तर तोडूनच लिहायला हवं. हे नुसत्या शोधाने कळत नाही, वाक्य वाचावंच लागतं.

कलम_पोटकलम

तळटीप यांनी 'मे'ला डोकेदुखी म्हटलं ते शब्दशः खरं आहे. एकच वाक्य घ्या: 'द कमिटी मे नॉट पब्लिश द रिपोर्ट.'

१. समितीला अहवाल प्रसिद्ध करता येणार नाही. (मुभा नाही)
२. समिती कदाचित अहवाल प्रसिद्ध करणार नाही. (शक्यता)
३. समितीने अहवाल प्रसिद्ध केला नाही तरी चालेल. (न करण्याची मुभा)

तिसरा अर्थ ओढूनताणून वाटेल, पण 'द कमिटी मे ऑर मे नॉट पब्लिश' म्हटलं की तोच अर्थ सहज येतो.

मसुद्यात मनाई लिहायची असेल तर 'शॅल नॉट'. राज्यघटनेचं कलम १४ पाहा: 'द स्टेट शॅल नॉट डिनाय टू एनी पर्सन इक्वॉलिटी बिफोर द लॉ'. कलम २१ मध्ये 'नॉट' नाहीच, नकार कर्त्यात घातला आहे: 'नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ड...'. कर्त्यात नकार घालण्याची ही रीत फार उपयोगी आहे, कारण मग 'नॉट' कुणाला लागतो हा प्रश्नच उरत नाही.

हाच उपाय 'ऑल'च्या वाक्याला लावा. 'ऑल मेंबर्स मे नॉट व्होट' हे आपल्याकडच्या सोसायट्यांच्या इंग्रजी उपविधींत किंवा नोटिशीत लिहिलं जाऊ शकतं, आणि त्यावरून भांडण होऊ शकतं. एकालाही मत देता येणार नाही, की सगळ्यांना नाही पण काहींना येईल? पहिलं असेल तर 'नो मेंबर मे व्होट'. दुसरं असेल तर 'ओन्ली द फॉलोइंग मेंबर्स मे व्होट' लिहून खाली यादी द्या. मराठीतलं 'सर्व सभासद मतदान करू शकत नाहीत' हे वाक्यही तितकंच दुटप्पी आहे, तेव्हा भाषांतर करून सुटका नाही.

निळीशाई

थोडी असहमती. कराराच्या मजकुरात 'द टेनंट मे नॉट सबलेट' हे वाचून 'भाडेकरू कदाचित पोटभाडेकरू ठेवणार नाही' असं कोण समजेल? तिथे मनाईच आहे हे स्पष्ट आहे. दर वेळी 'शॅल नॉट' घातल्याने भाषा उगाच जड होते. साध्या इंग्रजीचा आग्रह धरणारे तर 'शॅल'च नको म्हणतात.

कलम_पोटकलम

निळीशाई, पोटभाडेकरूचं वाक्य सुटं पाहिलं तर तुमचं बरोबर. कर्ता माणूस आहे, क्रिया त्याच्या हातातली आहे, म्हणून वाचक मुभेकडे वळतो. कर्ता निर्जीव असला की तो शक्यतेकडे वळतो: 'द शिपमेंट मे नॉट अराइव्ह ऑन टाइम.' घोळ मधल्या वाक्यांत होतो. 'द सप्लायर मे नॉट डिलिव्हर ऑन संडेज' ही मनाई, की खरेदीदाराला दिलेली आगाऊ सूचना? दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीचं वाचतील.

'शॅल' जड वाटत असेल तर 'मस्ट नॉट' घ्या. त्याचा नकार क्रियेलाच जातो आणि सामान्य वाचकालाही कळतो. माझा आग्रह 'शॅल'साठी नाही, 'मे नॉट' टाळण्यासाठी आहे. आणि एका दस्तऐवजात मनाईसाठी एकच रूप ठेवा. एका कलमात 'शॅल नॉट', दुसऱ्यात 'मे नॉट' दिसलं की हा फरक मुद्दाम केला आहे असा युक्तिवाद होतो.

पैलतीर

तांत्रिक मानकांनी हा वाद कधीच मिटवला आहे. आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थांच्या निर्देशांच्या दुसऱ्या भागात शब्द वाटूनच दिलेत: शॅल म्हणजे आवश्यकता, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. मनाईसाठी 'शॅल नॉट'च वापरा, 'मे नॉट' नको, असंही तिथे सांगितलंय.

इंटरनेटच्या मानकांत १९९७ चं आरएफसी २११९ हे दस्तऐवज आहे. त्यात मस्ट, मस्ट नॉट, शुड, शुड नॉट, मे यांच्या व्याख्या आहेत. 'मे नॉट'ची व्याख्या नाही. २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने आणखी एक स्पष्टीकरण दिलं: हे शब्द पूर्ण कॅपिटल अक्षरांत असतील तरच त्यांना तो खास अर्थ, नाहीतर ते नेहमीचे इंग्रजी शब्द.

आता हे मराठीत आणताना काय होतं बघा. देवनागरीत कॅपिटल नाहीत! कॅपिटल 'मस्ट नॉट' आणि साधं 'मस्ट नॉट' दोन्ही 'करू नये' होऊन बसतात. त्यामुळे सुरुवातीलाच 'ठळक अक्षरांतले शब्द व्याख्येप्रमाणे वाचावेत' अशी टीप घालून तेवढेच शब्द ठळक करावेत.

फोनवर काम करणाऱ्यांसाठी अजून एक. अमेरिकन कानाला 'कॅन' आणि 'कॅन्ट' यांतला फरक 'ट'वरून कळत नाही, तो 'ट' बहुतेक वेळा गिळलेलाच असतो. फरक कळतो स्वरावरून आणि जोरावरून. होकारातलं 'कॅन' ते 'क्न' इतकं आखडून बोलतात: 'आय क्न सेंड इट टुडे.' नकारात मात्र स्वर पूर्ण आणि जोरदार. आपण मराठी माणसं होकारातही 'कॅन' खणखणीत, पूर्ण स्वर लावून म्हणतो, आणि समोरच्याला ते 'कॅन्ट' ऐकू येऊ शकतं. होकार असेल तर 'येस, आय विल सेंड इट टुडे' म्हणा, नकार असेल तर पूर्ण 'कॅनॉट' म्हणा. ब्रिटिश लोक नकाराला लांब 'आ' लावून 'कांट' म्हणतात, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

खडूफळा

भूतकाळातले नकार राहिले. अपघाताचे किंवा बिघाडाचे अहवाल करणाऱ्यांनी ही चार वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघावीत:

- 'द ऑपरेटर कुड नॉट क्लोज द व्हॉल्व्ह': ऑपरेटरला व्हॉल्व्ह बंद करता आला नाही.
- 'द ऑपरेटर कुड नॉट हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह': ऑपरेटरने तो बंद केला असणं शक्यच नाही. (संदर्भाप्रमाणे 'प्रयत्न केला असता तरी बंद झाला नसता' असाही अर्थ निघतो.)
- 'द ऑपरेटर मे नॉट हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह': त्याने कदाचित बंद केला नसेल.
- 'द ऑपरेटर शुड नॉट हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह': त्याने बंद केला, करायला नको होता.

पहिल्यात यंत्राकडे बोट, चौथ्यात माणसाकडे. पहिल्या आणि दुसऱ्यात फक्त 'हॅव'चा फरक आहे आणि घाईत तोच निसटतो.

'नीडन्ट हॅव' हीसुद्धा स्वतंत्र चीज आहे. 'यू नीडन्ट हॅव ब्रॉट द पेपर्स' म्हणजे कागद आणले गेले आणि ते आणायची गरज नव्हती. 'यू डिडन्ट नीड टू ब्रिंग द पेपर्स' यात आणले की नाही ते कळत नाही. मराठीत 'आणायची गरज नव्हती' हे दुसऱ्यासारखं, दोन्ही बाजूंना उघडं आहे. पहिल्यासाठी 'आणले नसते तरी चाललं असतं' असं म्हणावं लागतं.

अनुमानाचा 'मस्ट' उलटा करताना इंग्रजी शब्दच बदलते. 'ही मस्ट बी ॲट होम', तो घरीच असणार. त्याचा नकार सहसा 'ही कान्ट बी ॲट होम'. अमेरिकेत 'ही मस्ट नॉट हॅव सीन द मेल' असंही सर्रास म्हणतात, त्याने मेल पाहिलेला नसणार. तिथे 'मनाई' वाचू नका. पुढे 'हॅव' आणि भूतकाळ दिसला की 'मस्ट नॉट' बहुधा अनुमानाचा समजायचा; 'द ॲप्लिकंट मस्ट नॉट हॅव बीन कन्व्हिक्टेड' अशा पात्रतेच्या अटी मात्र अपवाद. झालेल्या गोष्टीला मनाई करता येत नाही.

तळटीप

खडूफळा, हा शेवटचा निकष फार कामाचा आहे.

मराठी बाजूचा एक खड्डा सांगते: 'नको'. 'हा फॉर्म भरायला नको' म्हणजे गरज नाही. 'तिथे हात लावायला नको' म्हणजे लावू नये. 'नीड नॉट' आणि 'शुड नॉट' दोन्ही 'नको'त मावतात. बोलण्यात ते गोड आहे, पण सूचनापत्रकात वापरू नका.

'करू नये'चंही तसंच. 'मस्ट नॉट' आणि 'शुड नॉट' दोन्ही तिथे येऊन मिळतात. मी अशी विभागणी पाळते:

- मस्ट नॉट, शॅल नॉट: करण्यास मनाई आहे, कोणत्याही परिस्थितीत करू नये, करता कामा नये.
- शुड नॉट: शक्यतो करू नये, न करणे इष्ट.
- नीड नॉट, डोन्ट हॅव टू: करण्याची गरज नाही, न केल्यास चालेल.
- कॅनॉट: करता येत नाही. परवानगीचा अर्थ असेल तर 'करण्याची परवानगी नाही' असं उघड लिहा, कारण 'करू शकत नाही' हे माणसाच्या असमर्थतेसारखं वाचलं जातं.

औषधाच्या पत्रकात 'मस्ट नॉट बी टेकन विथ अल्कोहोल' याचं नुसतं 'मद्यासोबत घेऊ नये' केलं तर रुग्ण तो सल्ला समजू शकतो. 'मद्यासोबत घेण्यास सक्त मनाई' असंच हवं.

रुजवात

छपाईतली एक गोष्ट. ओळीच्या शेवटी 'मस्ट' आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला 'नॉट' आला की भरभर वाचणाऱ्याचा 'नॉट' सुटतो. अरुंद लेबलवर हे हमखास होतं. मोडल आणि 'नॉट' यांच्यामध्ये न तुटणारी जागा घाला, वर्ड आणि लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र. मराठीत 'घेऊ' आणि 'नये', 'करता येत' आणि 'नाही' यांच्यामध्येही तेच करा.

दुहेरी नकारही तपासा. 'यू कान्ट नॉट रिपोर्ट इट' म्हणजे कळवावंच लागेल. आणि 'द रिस्क कॅनॉट बी अंडरएस्टिमेटेड' दिसलं की थांबा. लेखकाला बहुधा 'धोका कितीही मोठा मानला तरी कमीच' म्हणायचं असतं, त्यासाठी 'ओव्हरएस्टिमेटेड' हवं. 'कमी लेखू नये' म्हणायचं असेल तर 'मस्ट नॉट बी अंडरएस्टिमेटेड'.

निळीशाई

'मे नॉट'बद्दल कलम_पोटकलम यांचं म्हणणं आता पटलं. एक वाक्य समोर आहे: 'द सप्लायर मे नॉट बी रिक्वायर्ड टू रिप्लेस पार्ट्स दॅट कॅनॉट बी रिपेअर्ड.' यातलं 'कॅनॉट' सरळ आहे, दुरुस्त होऊ न शकणारे भाग. पहिल्या अर्ध्याचं काय करायचं?

कलम_पोटकलम

दोन अर्थ निघतात, आणि तुम्ही स्वतः ठरवू नका. ग्राहकाला असं लिहून पाठवा:

'या कलमाचे दोन अर्थ संभवतात. कृपया एकावर खूण करावी.
अ) दुरुस्त न होणारे भाग बदलून देण्याची सक्ती पुरवठादारावर करता येणार नाही. (इंग्रजीत: शॅल नॉट बी रिक्वायर्ड टू रिप्लेस)
आ) दुरुस्त न होणारे भाग बदलून देणे पुरवठादारास काही प्रसंगी आवश्यक असणार नाही. (तसे असल्यास ते प्रसंग कोणते, ते कळवावे.)'

उत्तर येईपर्यंत ती ओळ पिवळी ठेवा. आणि उत्तर 'अ' आलं तर मूळ इंग्रजीही बदलून घ्यायला सांगा. नुसतं मराठी नीट करून दिलं तर दोन प्रतींचे अर्थ जुळणार नाहीत, आणि वाद झाला की करारात जी प्रत प्रमाण ठरवली असेल तीच धरली जाईल.